बारावं मचाण

नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात उंच झाडांवर मचाणं बांधून त्यांच्यामध्ये दोराचे पूल टाकलेलं एक पार्क आहे. तिथे मी एकोणीस वर्षं काम करतो. अकरा मचाणं, आणि शेवटच्यावरून तारेला लटकून घसरत जमिनीवर. पूर्वी मचाणं बारा होती. बाराव्याचं हेमलॉकचं झाड किडीनं पोखरलं, म्हणून दोन वर्षांपूर्वी कापलं. करवत माझ्याच हातात होती.

इथला नियम एकच, पण जिवाशी गाठ असलेला. पुढचा माणूस मचाणावर पोचून ‘मोकळं!’ म्हणेपर्यंत मागच्यानं पुलावर पाय टाकायचा नाही. म्हटल्यावर मात्र रेंगाळायचं नाही. इतक्या वर्षांत माझे डोळे या कामातून कधीच निवृत्त झालेत. कान ऐकतात आणि पाय उचलला जातो.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी पार्क उघडायच्या आधीच मी माझ्या डेसीला घेऊन वर चढलो. ती बारा वर्षांची, राहते आईकडे, म्हणजे शार्लीनकडे. शार्लीननं महिन्यातला एक दिवस मला दिलाय, तोही कपाळाला आठ्या घालून. पोरीला नुसतं खरचटलं तरी हा दिवसही विसर, असं तिनं सकाळीच बजावलं होतं. त्या एका दिवसाच्या भरवशावर मी उरलेले एकोणतीस काढतो.

म्हणून डेसीचा कमरेचा सुरक्षा-पट्टा मी तीनदा तपासला. बकलावर माझी हिरवी चिकटपट्टी गुंडाळली. इथे प्रत्येकाच्या पट्टीचा रंग वेगळा. ज्यानं लावली त्यानंच काढायची.

“बाबा, मी पार्सल आहे का?” ती म्हणाली.

ती पुढे, मी मागे. चौथ्या मचाणापर्यंत तिची लाल टोपी दिसत होती. मग दूध उतू यावं तसं खालून धुकं वर आलं आणि टोपी दिसेनाशी झाली. मला भीती वाटली नाही. उलट फार बरं वाटत होतं. ओल्या सालीचा वास, पायाखाली फळ्यांची कुरकुर, आणि दर पुलाच्या पलीकडून तिचं ‘मोकळं!’. ही वाट संपूच नये असं वाटत होतं.

अकराव्यावर तिनं माझ्यासाठी थांबायचं ठरलं होतं. मचाण रिकामं होतं.

“मोकळं, बाबा.”

आवाज पुढून आला. हेमलॉक होतं तिथून.

मी सवयीनं माझ्या पट्ट्याची कडी दोरातून सोडवली. पाय उचलला.

“बाबा, मी येऊ का?”

हा आवाज मागून, दहाव्यावरून आला. मी पाय मागे घेतला आणि खोडाला मिठी मारली.

“ये,” मी म्हणालो. “मोकळं.”

ती आली. लाल टोपी, धुक्यानं भिजलेले केस. मागे कशी राहिलीस, असं मी विचारलं.

“मी मागेच होते. तूच तर पुढून सारखा मोकळं, मोकळं म्हणत होतास.”

मी एकदाही तसं म्हणालो नव्हतो. शेवटच्यानं म्हणायचं नसतं.

मी तिला घट्ट धरलं. रडलो, आणि लाजलो नाही. मग आधी तिला तारेवरून खाली सोडलं. तिनं खालून आरोळी दिल्यावर मीही उतरलो. आईला यातलं काही सांगायचं नाही, असं आमचं ठरलं.

मी तिच्या बकलावरची चिकटपट्टी काढायला घेतली. माझीच होती, टोक माझ्याच सवयीनं दुमडलेलं. पण हिरवा रंग पार उडाला होता. बोट लागताच तिचा भुगा झाला. दोन वर्षं उन्हापावसात राहिली की पट्टी अशी होते.

डेसी गाडीत जाऊन बसली. “चल ना. आई वाट बघत असेल.”

तेवढ्यात वरून, धुक्यातून हाक आली. आवाज घाबरलेला नव्हता. थांबून कंटाळलेला होता.

“बाबा, मोकळं आहे. मी कधीची थांबलेय.”