कांदा आधी, फुलं मागून

खरं प्रेम जन्मोजन्मीचं असतं, काळाच्या पलीकडचं असतं. चांगुणा इंगळेचं प्रेम मात्र वाचनालयाच्या कपाटात, ६३५.२५ आणि ६३५.९ या पुस्तकांच्या क्रमांकांच्या मधोमध सुरू झालं, आणि तेही वादावादीने.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. नागपूरहून ग्रंथालयाचा कोर्स करून आलेली चांगुणा धामणगाव बढेच्या वाचनालयात नवीनच लागली होती. एका संध्याकाळी शाळेतले गणिताचे मास्तर इंद्रभान कांदा लागवडीचं पुस्तक परत करायला आले, आणि ते स्वतःच कपाटात ठेवू लागले. चुकीच्या जागी.

“गुरुजी, कांदा फुलांच्या आधी.”

“काऊन? कांदा पंचवीस, फुलं नऊ. नऊ लहान.”

“बिंदूनंतर पंचवीस नसतात. दोन, मग पाच. एकेक अंक वाचायचा. दोन आधी, नऊ मागून.”

“आन् ज्या नंबरापुढं काहीच नाही, तो?”

“तो सगळ्यात आधी.”

“मंग माहा नंबर पयला,” मास्तर म्हणाले. “माह्यापुढं काहीच नाही, बाई...”

चांगुणाने मान वर केली नाही. कपाटाच्या काचेत मात्र तिला स्वतःचं हसू दिसलं. तिने काच पुसली. ते गेलं नाही.

गणिताच्या मास्तराला दशांश येत नाहीत, ही तशी शिक्षणखात्याने दखल घ्यावी अशी बाब. तिने पुठ्ठ्यावर नियम लिहून टांगले. मास्तरांनी ते मन लावून वाचले आणि पुन्हा चुकले. चुकायचे तेही तिच्या टेबलाजवळच्याच कप्प्यात.

“मुद्दाम करता?” तिने एकदा विचारलंच.

“हाव.”

चांगुणाने पुठ्ठ्यावर आणखी एक नियम वाढवला.

अशात जिल्ह्याहून तपासणीला साहेब येणार असं कळलं. वाचनालयाचे अध्यक्ष उकंडराव, म्हणजे इंद्रभानचे सख्खे काका. फुलशेतीवरचं पुस्तक त्यांनी स्वतः लिहून स्वतःच छापलेलं. कांद्याचं पुस्तक लिहिलं होतं गुलाबरावांनी, आणि हे गुलाबराव मागच्या निवडणुकीत उकंडरावांच्या विरुद्ध उभे होते. उकंडराव कमिटी घेऊनच वाचनालयात आले.

“बाई, कांदा मागं टाका. आमची फुलं पुढं दिसली पायजे.”

“नाही टाकणार.”

“नऊ लहान का पंचवीस?”

“इथं पंचवीस नाहीच.”

“नवकरी जाईन, बाई.”

“जाऊ द्या. फुलं मागूनच.”

उकंडराव कमिटीकडे वळले. “पाह्यलं? गावाबाहेरच्या वस्तीतल्या पोरी आता आमाले आकडे शिकवून राह्यल्या!”

कोणी हसलं, कोणी खाली पाहिलं. चांगुणाने धूळ पुसायला बाजूला काढलेलं कांद्याचं पुस्तक उचललं आणि सगळ्यांच्या देखत जागेवर ठेवलं. फुलांच्या आधी.

“काका,” पुस्तक परत करायला आलेले इंद्रभान मागून म्हणाले, “बाईचं बरोबर हाय. पोराइले मी हेच शिकवतो.”

“तू तिच्या बाजूनं बोलून राह्यला बे?”

“बाजूनं कायचं? लगन करणार हाय मी तिच्याशी.”

“मले विचारलं कोणी?” चांगुणा कडाडली. कोर्सला शिकलेली शुद्ध भाषा सुटली ती सुटलीच.

“आता विचारतो...”

“कमिटीसमोर?”

“एकटं पाहून विचारलं असतं, तं तुमी पुठ्ठा दाखवला असता.”

“घराची पायरी चढू नको,” उकंडराव गरजले.

“नाही चढत,” असं म्हणून मास्तर तिच्याकडे पाहत उभे राहिले. चांगुणाने पदर खोचला.

“हाव,” ती म्हणाली. “पण यापुढं पुस्तकं नीट ठेवायची.”

तिची नोकरी गेली. मास्तरांचं घर गेलं. बुलढाण्याला नोंदणी पद्धतीने लग्न झालं आणि मोताळ्याला दोन खोल्यांचा संसार सुरू झाला. धामणगावात यावर बरेच दिवस चर्चा चालली.

तपासणीचे साहेब आले, जेवले, कपाटाकडे न पाहता गेले. पुढच्या उन्हाळ्यात वाचनालयाची खोली सोसायटीला खत ठेवायला हवी होती. पुस्तकं पोत्यांत भरली, हाताला आली तशी.