हळद लागलेला कंदीलमासा

अनुजानं फ्रीजरचं दार उघडलं. आत बर्फाच्या ट्रेशिवाय काही नव्हतं.

राजेशदादाचा कंदीलमासा गायब! मासा बोटाएवढा, पण खोल समुद्रातून आणलेला आणि एकुलता एक. दादाच्या माशांवरच्या संशोधनाची सगळी भिस्त त्याच्यावर. संध्याकाळी दादा तो न्यायला येणार होता, आणि तोवर त्यानं तो विश्वासानं अनुजावर सोपवला होता.

"काका, इथली मासळी?"

"दिली. उद्या गणपती येणार, घरात मासळी ठेवतात का?" मखराला कागद चिकटवत चिंतामणीकाका म्हणाले. सगळ्या पिशव्या त्यांनी एकाच डब्यात उलट्या केल्या होत्या आणि फोनवर बोलता बोलता डबा गॅलरीत कुणाच्या तरी हातात ठेवला होता. कुणाच्या, ते आठवेना. 'हात लावू नये' लिहिलेली पिशवी कचऱ्यात पडली होती. वाचायला काकांना सवड कुठली!

गणपतीची सुट्टी लागलेली, त्यामुळे शेजारचा बुद्धभूषण आणि खालची आकांक्षा हाकेसरशी धावत आली.

आकांक्षा म्हणाली, "ज्यांच्या घरी गणपती, ते आज मासळी घेणारच नाहीत. मग या मजल्यावर उरलं कोण?"

"आम्हीच की! आई आज मांदेली तळतेय," बुद्धभूषण म्हणाला आणि तिघं सुसाट सुटली.

त्याच्या आईचा, बकुळामावशींचा, तवा तापला होता. परातीत हळद-मीठ लावलेली मासळी, सगळी एका मापाची आणि पिवळीधमक. अनुजानं आधी गॅस बंद केला.

बुद्धभूषणनं दिवा घालवला. "कंदीलमासा ना, अंधारात चमकेल!"

"मेलेला मासा काय चमकणार, येड्या?" म्हणत आकांक्षानं दिवा पुन्हा लावला.

अनुजाला दादाचं बोलणं आठवलं. खोल पाण्यात अंधार, म्हणून याचे डोळे मोठे. ती एकेक मासा हलक्या हातानं धुऊ लागली. आणि एक टपोरा डोळा तिच्याकडे बघत होता! पोटावर शर्टाच्या गुंड्यांसारखे बारीक ठिपके, सगळे शाबूत. अनुजाला रडूच फुटलं.

संध्याकाळी राजेशदादानं भिंगातून ठिपके पाहिले आणि एकेक करून मोजले. त्या ठिपक्यांवरूनच माशाची जात ठरते, ते गेले असते तर सगळं मुसळ केरात. मग त्यानं तिघांच्या पाठी थोपटल्या. पोरांनी माझी लाज राखली, असं म्हणत काकांनी कान पकडले.

"चिंतामणीभाऊ, पुढल्या वर्षी मासळी अनुजाच्या हातून पाठवा," बकुळामावशी हसत म्हणाल्या. "पोरीला त्या माशासारखे डोळे आहेत."