न लागलेला दिवा

प्रयोग-निवड केंद्राच्या तळमजल्यावर दर सोमवारी सकाळी दहा वाजता दिवे बघायचा कार्यक्रम होई. बघण्यासारखं त्यात फारसं काही नसे. लांबट मेजावर सहा-सात पेट्या मांडलेल्या असत, प्रत्येकीवर एका संशोधन-प्रस्तावाचा क्रमांक आणि हरभऱ्याएवढा दिवा. ज्याचा दिवा लागलेला, त्याला अनुदान, माणसं, प्रयोगशाळा. ज्याचा लागलेला नाही, त्याला दोन ओळींचं नम्र पत्र. केंद्राची संख्याशास्त्रज्ञ डॉ. कुमुद हिर्लेकर यादीवर सही करी आणि मग सगळे चहाला जात.

चार वर्षांपूर्वी त्याच मेजावर २२१७ क्रमांकाची पेटी होती. स्नायुक्षयावरचं औषध. कुमुदची मुलगी ऋचा तेव्हा सतरा वर्षांची होती आणि तिला हातात पेनही धरवत नव्हतं. दिवा लागला नाही. कुमुदने सही केली. दिव्याकडे वशिला चालत नाही, त्यामुळे आईनेच सही करण्याला कुणी हरकतही घेतली नाही. दीड वर्षाने ऋचा गेली.

तेव्हापासून लोक कुमुदला धीराची बाई म्हणू लागले. धीर वगैरे काही नव्हता. दाढ काढण्याआधी हिरडी बधिर करतात तशी ती सगळीच बधिर झाली होती. एका वाक्यावर तिचं चाललं होतं: औषध चालणारच नव्हतं, दिव्याने ते आधीच सांगितलं होतं. हे वाक्य होतं म्हणून ती सकाळी उठायची, डबा भरायची आणि कामावर यायची.

मंगळवारी अकोल्याहून अन्नशास्त्रज्ञ डॉ. छाया इंगोले आल्या. तक्रार घेऊन आल्या होत्या. त्यांनी पिशवीतून वह्यांची चळतच काढून कुमुदच्या टेबलावर ठेवली. शेजारी डॉ. तासकर बसले होते. सैद्धांतिक भौतिकीतला मोठा माणूस, आणि हे दिवे त्यांच्याच डोक्यातून निघालेले.

"आमचा प्रस्ताव आंबवलेल्या ज्वारीच्या पिठाचा होता," छायाबाई म्हणाल्या. "बायकांचं रक्त वाढवायला. तुमचा दिवा काही लागला नाही, पत्र आलं. पण तोवर तीन क्विंटल पीठ तयार होतं ना मॅडम! टाकून देता का कोणी? आम्ही देतच राहिलो. निम्म्या गावांना आमचं पीठ, निम्म्यांना साधं. कोणाला कोणतं, ते मोजणाऱ्यालाही माहीत नव्हतं. आता पाहा तुम्हीच."

"आधी हे चालतं कसं ते ऐका," तासकर समजावणीच्या सुरात म्हणाले. "एकाच मुशीत दोन स्फटिक तयार होतात. एक इथल्या दिव्याच्या पेटीत बसतो, दुसरा बटणाच्या पेटीत. बटणाची पेटी संशोधकाकडे जाते. पाच वर्षांत प्रयोग यशस्वी झाला की त्याने बटण दाबायचं. ते दाबलं जाणार असेल, तर इथला दिवा आजच लागतो. त्या दोन स्फटिकांना आधी आणि नंतर असा भेद नाही. दिवा लागला नाही, याचा अर्थ तुमचा प्रयोग फसणार होता."

"पण फसला नाही ना, सर."

"म्हणून तर म्हणतो, मोजण्यात कुठेतरी चूक आहे."

कुमुदने दोन दिवस त्या वह्या तपासल्या. दोनशे चौदा बायका, अठरा महिने, दर महिन्याची रक्ततपासणी. मोजण्यात चूक सापडली नाही. नुसत्या योगायोगाने असा फरक पडण्याची शक्यता चाळीस लाखांत एक होती.

"चाळीस लाखांत एकदा घडणारी गोष्ट कधीतरी घडायचीच," गुरुवारी तासकर म्हणाले. "अपवाद म्हणून नोंदवा, कुमुदताई, आणि मोकळ्या व्हा."

कुमुदला मोकळंच व्हायचं होतं. या एका दिव्याचं चुकलं असेल, तर २२१७चंही चुकलं असू शकतं, हे तिला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. तिने अपवादाचा तक्ता उघडला, भराभरा रकाने भरले आणि शेवटच्या रकान्यासाठी छायाबाईंना फोन लावला.

"निकाल आल्यावर बटण किती तारखेला दाबलंत?"

"कोणतं बटण?" छायाबाई हसल्या. "पेटी तुम्हीच परत मागवली ना! दिवा लागला नाही, पेटी आठ दिवसांत जमा करा, असं पत्रातच होतं. मी दुसऱ्या दिवशी पाठवून दिली."

कुमुदने फोन ठेवला आणि तासकरांकडे पाहिलं. "परत आलेल्या पेट्यांचं आपण काय करतो?"

"स्फटिक वितळवतो. नव्या जोड्यांसाठी. किती दुर्मीळ असतात ते, तुम्हाला ठाऊक..." तासकर मध्येच थांबले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे दिवा लागला नाही म्हणून बटण वितळवलं," कुमुद म्हणाली.

"आणि बटण वितळवलेलं होतं म्हणून दिवा लागला नाही. हो."

"पण काही दिवे लागतात ना?"

"लागले की आपण बटण जपून ठेवतो, प्रयोग करतो, यश आलं की दाबतो. तेही जुळतं, हेही जुळतं. चांगल्या औषधाच्या बाबतीत यातलं काहीही होऊ शकतं, भौतिकीला दोन्ही चालतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"मग न लागलेला दिवा आपल्याला काय सांगतो?"

"काही नाही, कुमुदताई. काहीच सांगत नाही."

कुमुदला राग आला. तासकरांचा, दिव्यांचा, आठ दिवसांच्या त्या अटीचा आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या सहीचा. ऋचा गेल्यापासून तिला पहिल्यांदाच काहीतरी वाटलं, ते हे. फार वेळ टिकलंही नाही.

"अकरा वर्षांत दोन हजार सहाशे प्रस्ताव नाकारलेत आपण," तासकर हळूच म्हणाले. "हे बाहेर गेलं तर काय होईल? तुम्हीसुद्धा... ऋचाचं आता काही बदलणार आहे का? तो तक्ता भरून झालाच आहे."

तिने तक्ता पुसून टाकला. त्याच दुपारी तिने अहवाल लिहिला आणि खाली दोन मागण्या घातल्या: एकही पेटी यापुढे परत मागवू नये, आणि २२१७चा प्रयोग दिव्याकडे न बघता सुरू करावा. आधी करायचं आणि मग बघायचं. पूर्वी लोक असंच करायचे म्हणे.

मंजुरीला पाच आठवडे लागले. २२१७साठी तेव्हा अडतीस रुग्णांच्या घरच्यांनी अर्ज केले होते; औषध चालणार नाही, असं कुमुदच्या सहीचं पत्र त्यांनाही गेलं होतं. त्यांना फोन करायचं काम कुमुदने कुणाला दिलं नाही. पहिले दोन नंबर बंद होते. तिसऱ्या-चौथ्या घरी रुग्ण उरला नव्हता, आणि त्यांनी काही विचारलंही नाही. पाचवा नंबर बार्शीच्या इलाही तांबोळींचा होता.

"पोरगं गेलं की ओ मॅडम आमचं," तांबोळी म्हणाले. "तीन वर्सं झाली." मग त्यांनी विचारलं, "पण ते औषध चालणारच नव्हतं न्हवं? तुमचं पत्र आलं हुतं. म्या जपून ठेवलंय. लई जीव तळमळला की काढून वाचतो. म्हणतो, इलाजच नव्हता, आपण तरी काय करणार."

तिचंच वाक्य होतं ते. 'नव्हतंच चालणार' एवढे दोन शब्द बोलले की या माणसाला आज रात्री झोप लागली असती. ते शब्द तिच्या जिभेवर आलेही होते.

"ठाऊक नाही," कुमुद म्हणाली. "आम्ही तपासलंच नव्हतं. न तपासताच पत्र पाठवलं. चूक आमची आहे, तांबोळी. माझी आहे. त्या पत्रावर माझी सही आहे."

फोन आता कट होईल असं तिला वाटलं. तसा झाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"धाकटी हाय मला," तांबोळी म्हणाले. "चौदा वर्सांची. तिलाबी तेच सुरू झालंय, जिना चढवत न्हाई. पत्रात तसं लिवलेलं, म्हणून तिला कुठं दाखवलंच न्हाई ओ म्या. आणू का तिला?"

"उद्याच आणा. औषध लागू पडेल असं मात्र मी सांगू शकत नाही. आणि तिच्या वाट्याला खरं औषध येईल की तुलनेसाठीची बिनऔषधाची गोळी, तेही."

"न्हाई सांगितलं तरी चालंल. कितीच्या गाडीनं येऊ?"

तिने वेळ सांगितली, मुलीचं नाव लिहून घेतलं आणि फोन ठेवला. सहाव्या घरी कुणी फोन उचलला नाही. सातव्या ओळीत पालक म्हणून तिचंच नाव आणि तिचाच नंबर होता. तिने समोरच्या रकान्यात 'रुग्ण हयात नाही' असं लिहिलं आणि आठवा नंबर लावला.