खुन्याच्या नजरेचा शॉट

मोबाइल खाली ठेव, अथर्व. गच्चीवर बसून रहस्यपट काढायचाय ना तुम्हा पोरांना? काढा. पण आधी माझ्या भाच्याचं ऐका. अनिश कॅमेरा चालवतो. खोटं वाटलं तर उद्या त्यालाच फोन लावा.

गेल्या वर्षीची कार्तिक अमावास्या, शनिवार. एकच शॉट राहिला होता, म्हणून संध्याकाळी अनिश आणि त्याचा दिग्दर्शक अभिनव रिक्षाने राई गावाला गेले. तिथे खाडीला लागून धर्माजींचं घर. त्यांची मुलगी रुचिता तीन वर्षांपूर्वी मागच्या खाडीत सापडली होती. कुणीतरी मारून टाकलेली. कुणी, ते आजपर्यंत कळलेलं नाही.

"पिक्चर आला की लोक तिच्याबद्दल बोलतील, काका," असं सांगून अभिनवने शूटिंगला घर मागितलेलं. म्हाताऱ्याने दिलं. वर रोज चहा पाजला. आणि त्या संध्याकाळी त्यांना शेवट कळला. पिक्चरमध्ये खुनी कोण? बाप!

"माझ्या पोरीला मी मारली?" म्हातारा उठून उभा राहिला. "गावात तोंड कसं दाखवू रं?"

"काका, रहस्यपटाचा नियमच आहे," अभिनव म्हणाला. "सगळ्यांवर संशय फिरवायचा. ज्याच्यावर कुणालाच येत नाही, शेवटी तोच निघतो. पब्लिकला झटका पाहिजे ना!"

झटका! कानफटात द्यायला हवी होती. आमचा अनिशही तोंड शिवून उभा. आठवलं की अजून डोकं फिरतं माझं.

"माझी पोर अजून हितंच हाय," एवढंच बोलून धर्माजी भावाकडे निघून गेले.

तरी यांनी शॉट लावलाच. असल्या पिक्चरमध्ये शेवटपर्यंत खुनी दाखवत नाहीत. कॅमेरा म्हणजेच त्याचे डोळे. तो खाडीवरून चालत येतो, मागच्या दाराने घरात शिरतो, आपल्याला फक्त तो बघतो तेच दिसतं. अनिश कॅमेरा खांद्यावर घेऊन खाडीकाठी गेला. अभिनव पुढच्या खोलीत खुर्चीवर, समोर मॉनिटर. कॅमेऱ्यातलं चित्र त्याला तिथे दिसायचं. बोलायला दोघांच्या कानात फोन.

"चल, ये," अभिनव म्हणाला.

"थांब, फोकस बघतोय."

"मस्त... आलास दारात. हळू... स्वयंपाकघर... छान."

अनिश जागचा हलला नव्हता.

"अभि, मी खाडीवरच आहे."

"गंमत नको करूस. चित्र दिसतंय मला."

अनिशने वळून घराकडे पाहिलं. कानात पुन्हा अभिनवचा आवाज.

"अनिश..."

"काय?"

"कुणाची तरी पाठ दिसतेय. खुर्चीत बसलाय..."

"कोण?"

"शर्ट... माझा आहे."

अनिशने कॅमेरा खाली ठेवला.

"जवळ आलं... अजून जवळ... अनिश, कानाशी कुणीतरी..."

"मागे बघू नकोस!"

"विचारतेय... 'माझ्या बापानं मारलं मला?'"

फोन बंद.

अनिश धावला. दिवे चालू होते. मॉनिटर काळा. अभिनव खुर्चीत ताठ. एकच बडबड... "त्यांनी नाही... त्यांनी नाही..."

उजाडायच्या आत अभिनवने केलेलं सगळं शूटिंग पुसून टाकलं. त्यानंतर त्याने कॅमेऱ्याला हात लावलेला नाही. सकाळी धर्माजी आले तेव्हा दोघांनी त्यांचे पाय धरले. म्हाताऱ्याने माफ केलं नाही. का करावं?

धर्माजी बघत होते खाली, फरशीकडे. मागच्या दारापासून खुर्चीपर्यंत खाडीच्या चिखलाची पावलं. बारीक. अनवाणी.

नाही रे अथर्व, अनिशच्या पायात बूट होते.

अनिश फडकं आणायला वळला. धर्माजींनी हात धरला.

"पुसू नको."

पावलं आत आलेली होती. बाहेर जाणारं एकही नव्हतं.