पाडलेल्या वॉर्डातून आलेली मागणी

अरे, चहा ठेव खाली, आधी हे ऐक! आमच्या वरच्या मजल्यावरची अडोंगो माहितीये ना? इथल्या किसुमू शहराच्या रक्तपेढीत डेटाबेस सांभाळते ती. काल शुक्रवारी रात्री, अकरानंतर तिच्यासोबत हे घडलं. सकाळी जिन्यातच भेटली, तोंड पांढरंफटक.

महिनाभर तिचा सर्व्हर नुसती मेमरी खात होता. सोडायचं नाव नाही! संध्याकाळपर्यंत फुगायचा आणि रक्ताच्या मागण्या अडकायच्या. तिथली रीत काय, तर पाळी बदलताना सर्व्हर बंद करून चालू करायचा. झालं काम! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. वर साहेब म्हणाला, "उद्या सर्व्हर बसला, तर तूही घरी बस."

म्हणून काल ती तिथेच ठाण मांडून बसली. रात्रपाळीला प्रयोगशाळेतले ओम्बुराकाका होते.

"पोरी, कर की बंद-चालू! डब्यातली उगाली गार झाली तुझी."

"आज नाही काका. आज चोर पकडणारच."

मेमरीत काय काय भरलंय, त्याचं तिनं चित्र घेतलं. तासाभरानं पुन्हा घेतलं आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. बाकी सगळं जिथल्या तिथे, बाहेरच्या एका कॉम्प्युटरची सर्व्हरशी असलेली एकच जोडणी फुगलेली. तिच्यात एकच मागणी, पुन्हा पुन्हा: ओ निगेटिव्ह, एक पिशवी, तातडीनं. बाळंतिणींचा वॉर्ड.

"कुठला वॉर्ड?" काका म्हणाले. "तो पाडला ना मागच्या वर्षी! तिथे आता मोटारसायकली लावतात."

"मग कुठल्या गाढवानं तिथला कॉम्प्युटर चालू ठेवलाय?"

ती तणतणत वायरी बघायला गेली. वॉर्डाची केबल तोडलेली. टोक हवेत लोंबत होतं.

जागेवर येऊन तिनं सर्व्हरवरूनच ती जोडणी तोडली. जोडणी पुन्हा आली. तोडली. आली. तिनं टेबलावर मूठ आपटली. "अगं बाई, तुला हवंय तरी काय?"

काका खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

मग तिच्याच डोक्यात आलं. रोज संध्याकाळी बंद-चालू. रोज मागणी मधेच तुटायची. 'आहे' असंही उत्तर नाही, 'नाही' असंही नाही. कुणी उत्तरच दिलं नव्हतं...

तिनं हळूच टाइप केलं. आहे. घेऊन जा.

जोडणी मिटली. मेमरी उतरली... सरळ खाली.

काका उठले. रक्ताच्या फ्रीजला कुलूप होतं. किल्ली त्यांच्या कमरेला. उघडलं. ओ निगेटिव्हची पहिली पिशवी जागेवर. सील तसंच.

आत... थेंब नाही.

सर्व्हर सकाळपासून ठणठणीत आहे, नोकरी वाचली तिची. पण तू सांग, तिच्या जागी तू असतास, तर काय उत्तर दिलं असतंस?