थरथरणारा सेकंदकाटा

घड्याळाच्या दुकानाची पायरी चढताना, पलीकडच्या शाळेतल्या तरुण मास्तरांचं डोकं ठेंगण्या चौकटीवर आपटलं आणि आत दुरुस्तीच्या टेबलाशी बसलेली ती हसली. नको तेव्हा हसायची तिची जुनीच खोड. पुढे कितीतरी वर्षं ती आठवण निघाली, की तिचे कान तापायचे.

कपाळ चोळत मास्तरांनी मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. फळा पुसताना हात भिंतीवर आदळला तेव्हापासून बंद होतं, नवा सेल घालूनही चालेना. तिने डोळ्याला भिंग लावलं. सेकंदकाटा जागच्या जागी थरथरत होता. मग एखाद्या मुलाला समजवावं तशी ती मास्तरांनाच समजावू लागली — काटा निपचित असता, तर सेलवर किंवा आतल्या जोडणीवर संशय. थरथरतोय, म्हणजे जीव आहे, वाट अडलीय. धक्क्याने वाकून तो मिनिटकाट्याला घासत होता. तिने घड्याळ उघडून चिमट्याने हलकेच काटा सरळ केला... टिक, टिक.

मार बसलेलं घड्याळ आठ दिवस नजरेखाली ठेवायचं, ही वडिलांची, अप्पांची शिस्त, असं तिने ठोकून दिलं. अप्पा दोनच दिवस ठेवत.

मास्तर रोज शाळा सुटली की डोकावत. बाहीवर खडूची भुकटी, तोंडी मुलांच्या गमती. पाचव्या दिवशी त्यांनी बदली झाल्याचं सांगितलं. सोमवारी दूरच्या गावी रुजू व्हायचं होतं. तिच्या हातून बारीकसा स्क्रू निसटला. दोघं जमिनीवर वाकून शोधत राहिले. तो सापडला, तरी कुणीच लवकर उठलं नाही.

शनिवारी आठ दिवस भरले. आता घड्याळ दिलं, की माणूस जायचा. न सांगता दिलं, तर खोटं जन्मभर टोचायचं.

"मास्तर, हे पहिल्याच दिवशी नीट झालं होतं. मी... मुद्दाम ठेवून घेतलं."

"ठाऊक आहे. रोज येऊन भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून बघत होतो."

"मग मागितलं का नाही?"

"मागितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी कशाला आलो असतो?"

त्यांच्या मनगटावर पट्टा बांधताना तिला भोक सापडेना. त्यांनीही मदत केली नाही.

"सोमवारी जावंच लागेल," ते हळूच म्हणाले. "पण सुट्टीत तुम्हाला न्यायला आलो, तर... याल?"

तिने मागच्या खोलीकडे मान वळवली.

"अप्पा आत आहेत. त्यांना विचारून घ्या," ती म्हणाली. "मला विचारण्यासारखं आता काही उरलेलं नाही."