पायाळूचा पाय

योगेंद्र अकरा वर्षं वर्ध्याच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढत होता. रोज चाळीस माणसं आतून बघणाऱ्याच्या डोक्यात भुताखेतांना जागा उरत नाही. त्याची आई कोकिळाबाई पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. त्यांच्या सिंदी मेघे गावात कुणाच्या कंबरेत चमक भरली की तो तिच्या ओसरीवर पालथा पडायचा, पाठीला तिचा पाय लावून घ्यायचा आणि चहा पिऊन जायचा. योगेंद्र हसायचा.

दिवाळीनंतर आईच्याच कंबरेचं ऑपरेशन झालं. मणक्यामागचं हाड कापून दबलेली नस मोकळी केली. पायातली कळ गेली, पण कंबर ढिली पडली. वाकून उठताना आत काहीतरी सरकायचं आणि ती भिंत धरायची. योगेंद्रनं तिला वाकवून एक्स-रे काढला. चौथा मणका पाचव्यावरून सहा मिलिमीटर पुढे घसरत होता. डॉक्टर म्हणाले, स्क्रू टाकून जोडावा लागेल. पण आईचं हृदय अधू. दुसऱ्यांदा भूल सोसेल असं कुणी छातीठोकपणे सांगेना. योगेंद्र धास्तावला.

दुसऱ्या ऑपरेशनला चार दिवस असताना शेजारचे भैयाजी आले.

"पाय लावून द्या जी. पोतं उचललं न् चमक भरली."

"माहीच कंबर धड नाई, भैयाजी."

पण दारी आलेल्याला नाही म्हणणं तिच्या जिवावर यायचं. खुर्ची धरून तिनं पाय लावला.

त्या संध्याकाळी ती आधाराशिवाय उठली. योगेंद्रनं पुन्हा एक्स-रे काढला. मणका जागचा हलत नव्हता, आणि कापलेलं हाड अख्खं होतं. पाठीवर टाक्यांचा व्रण मात्र तसाच. "भलत्याचा फोटो जोडलास तू," डॉक्टर वैतागले. त्यानं परत काढला. तेच. ऑपरेशन रद्द झालं. आनंद मानावा की घाबरावं, हे त्याला कळेना.

आठवड्यानं भैयाजी भिंत धरत दवाखान्यात आले.

"वाका. श्वास रोखा."

सहा मिलिमीटर. मागचं हाड नव्हतं.

"कंबरेचं ऑपरेशन कधी केलं?"

"काऊन मजाक करून राह्यला बाबू? मी तं कधी भरतीच नाई झालो."

त्यांनी सदरा वर केला. पाठ कोरी होती.

योगेंद्रनं नाव तपासलं, नंबर तपासला, मशीन बंद करून चालू केलं. मग आईचा जुना एक्स-रे शेजारी लावला. दोन्ही सारखेच.

दोन महिन्यांनी भैयाजींनी आईकडून पुन्हा पाय लावून घेतला आणि ते ताठ चालत गेले; आई मात्र पुन्हा भिंत धरू लागली. एक्स-रेत ते हाड पुन्हा नव्हतं.

"का होऊन राह्यलं देवाले मालूम," ती म्हणाली. "आता मी कोनाले पाय नाई लावत."

डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी सोमवार दिला.

शनिवारी दुपारी आर्वीकडच्या रोहण्याचा एक शेतकरी आला. राकेश, वय तीस. साधी चमक. फिल्म स्वच्छ होती. योगेंद्र ती बराच वेळ पाहत राहिला.

"माही माय पायाळू आहे," तो म्हणाला. "आजच जाजो. ती नाई म्हणन. तू सरळ ओसरीवर पालथा पडजो."

त्यानं लिफाफ्यावर पत्ता लिहिला.

"लई उपकार झाले, दादा."

"आन् आयक," योगेंद्र त्याच्याकडे न बघता म्हणाला, "पुन्हा दुखलं तं इथं येऊ नको. एक्स-रे आर्वीलेच काढजो."